खंडेनवमीला काढलेल्या वायरी

ही गोष्ट मी आजवर टाळली. कुणी विषय काढला की मी जनावरांना पाणी दाखवायला उठून जायचो, आणि दावणीला जनावरं राहिली नाहीत तेव्हापासून नुसताच उठून जायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला बायकोची आठवण सहन होत नाही. तेही खरं नाही. आठवण सहन होते. सहन होत नाही ती तिच्या नावावर चालत आलेली एक हकीकत, कारण ती माझ्या तोंडून निघालेली आहे.

ती हकीकत अशी सांगतात. मुलीनं पुण्याहून आवाजाचं एक मशीन आणलं होतं, वायरींनी भरलेलं. खंडेनवमीला आईनं त्याच्या सगळ्या वायरी उपटल्या, ताटात मांडल्या आणि त्यांना हळदीकुंकू वाहिलं. मग हसायचं. बायकोच्या तेराव्याला, पंगती उठल्यावर, तिच्या धाकट्या भावानं मांडवात बसून हे सांगितलं. "आमची आक्का लई भोळी. मशीन बंद पडू नये म्हणून पूजा केली, आन पूजेनंच बंद पाडलं." माणसं हसली. दुःखाचं घर जरा हलकं व्हावं एवढाच त्याचा हेतू होता, त्याला मी दोष देत नाही. माझी मुलगीही ओठातल्या ओठात हसली. मी तिथंच खुर्चीत होतो. राग अनावर झाला. आणि मी काय केलं? ताक आंबट झालंय म्हणून वाढप्यावर ओरडलो. मेव्हणा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी, ताकच हाय."

ताक चांगलं होतं.

मी नगरच्या अलीकडच्या कडा गावाच्या बाजूचा. आमच्या भागातल्या साखर कारखान्यात मी इलेक्ट्रिक विभागात सगळी नोकरी केली. माझं काम पॅनेलचं. लोखंडी कपाटात शेकडो वायरी येतात आणि जातात, प्रत्येकीच्या टोकाला आकड्याचं कडं असतं, आणि कुठली वायर कुठं जाते हे अंधारात हात घातला तरी कळलं पाहिजे. माझ्या पॅनेलचं दार उघडलं की नवे साहेब थांबून बघायचे. वायरी अशा सरळ बांधलेल्या की दोऱ्यानं आखल्यासारख्या. कारखान्याचं गाळप बंद झालं की आम्ही सगळं उघडून, पुसून, आवळून, सगळी बटणं शून्यावर आणून ठेवायचो. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटायचा. त्याआधी खंडेनवमीला पॅनेलची खोली धुऊन मीटरांवर झेंडूची फुलं ठेवायची, पक्कड-टेस्टर पाटावर मांडायचे आणि त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. हत्याराला एक दिवस विश्रांती. आमच्या भागात हे विळ्या-कोयत्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

हे सगळं मी सांगतोय ते अभिमानानं नाही. पुढं मी याच गोष्टींच्या आड लपलो, म्हणून सांगतोय.

मुलगी पुण्याला एका कंपनीत नोकरीला. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा ती काही महिने आमच्याकडं येऊन राहिली, आणि येताना ते मशीन घेऊन आली. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात त्याला. पेटीत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या, आणि एकेका पट्टीचं एकेकच काम. एक पट्टी आवाज काढते. एक त्या आवाजाची धार तासते. एक नुसती सांगते, आता वाज, आता थांब. आतून त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. वरून वायरी लावून आपण जोडायचं. त्या जोडणीला पॅच म्हणतात. वायरी काढल्या की मशीन सगळं विसरतं.

पहिल्याच दिवशी मी बघायला गेलो. वायरी पेटीसमोर वेलासारख्या लोंबत होत्या, निळी तांबडीत गुंतलेली, एकीलाही आकडा नाही. त्यातली एक तर ज्या पट्टीतून निघाली होती तिच्यातच परत गेली होती. मी म्हणालो, हे चुकीचं लावलंय, जळेल. ती हसली.

"जळत न्हाई आण्णा. चुकीचं लावायसाठीच हाय हे. बरोबर लावल्यावर काय वाजतंय ते सगळ्यांलाच ठावं हाय."

ती चेष्टा करत नव्हती. पण ज्यानं आयुष्यभर एक वायर चुकू दिली नाही त्याला हे ऐकून काय वाटलं असेल, याचा तिनं विचार केला नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. मी त्या खोलीतून बाहेर आलो आणि खंडेनवमीपर्यंत पुन्हा आपणहून आत गेलो नाही. बोलावतील म्हणून वाट बघत राहिलो. हे वाट बघणं फार वाईट असतं. माणूस रोज थोडा थोडा कडू होतो आणि त्याला ते मोठेपण वाटतं.

आत गेली ती माझी बायको. चौथीपर्यंत शिकलेली, रेडिओचं बटणसुद्धा मला विचारून फिरवणारी. ती दुपारचं काम उरकून जाऊन बसायला लागली. मुलीनं एक पॅच असा लावला होता की आवाज इतका सावकाश हलायचा की कानाला ऐकूच यायचा नाही, फक्त स्पीकरचा कागद पोटासारखा वरखाली व्हायचा. बायकोनं त्यावर ज्वारीचे दाणे टाकले. दाणे नाचायला लागले आणि दोघी इतक्या हसल्या की मला ओट्यावर ऐकू आलं.

मग भाकरीचं सुरू झालं. बझरच्या आत पितळेची पातळ चकती असते, ठोका बसला की तिच्यातून किंचित वीज निघते. मुलीनं ती चकती मागितली, आणि तिला वायर जोडून द्या म्हणाली. त्या सगळ्या खटाटोपात मला सांगितलेलं ते एकच काम. मी कथलाचा डाग देऊन वायर जोडून दिली. कशाला पाहिजे ते विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. संध्याकाळी बघतो तर चकती लाकडी काठवटीखाली चिकटवलेली आणि बायको भाकरी थापतेय. तिच्या हाताच्या प्रत्येक ठोक्याला मशीन बोलत होतं. भाकरी मोठी होत जाते तसा हात जलद होतो, तसं मशीनही जलद व्हायचं. भाकरी तव्यावर टाकली की गप्प. वरून पाणी फिरवून ती पुढच्या गोळ्याला हात घालेपर्यंत तो आवाज विझत विझत खाली जायचा, आणि पहिल्या ठोक्याला पुन्हा उठायचा.

चांगलं होतं ते. आज मला कबूल आहे. तेव्हाही मला कळलं होतं.

एक दिवस बायकोनं उगाच, बघू काय होतंय म्हणून, पिवळी वायर भलत्याच भोकात घातली. जिथं ठोका घ्यायचा तिथं तिनं आवाजच घातला. मशीन अडखळलं, घसा खरवडल्यासारखं झालं, आणि मग रानात टिटवी ओरडावी तसं काहीतरी ओरडायला लागलं. बायको घाबरून वायर काढणार, तर मुलगी म्हणाली, हात लावू नको, हे असंच राहू दे. तेव्हापासून त्या पिवळ्या वायरीला दोघी 'आईची वायर' म्हणायच्या. त्या वायरीभोवती बाकीचं सगळं बसवायला मुलीला आठवडे लागले. एकेक बटण केसभर फिरवून बघायची. मशीन बंदही करायची नाही, गार झालं की सूर हलतो, पुन्हा तापून जागेवर यायला वेळ लागतो म्हणायची. मी जेवताना म्हणालो, लिहून ठेव की कुठली वायर कुठं. ती म्हणाली, वायरीचं लिहिता येतं आण्णा, फोटोत पण दिसतं. बटण किती फिरवलंय ते ना लिहिता येत ना दिसत. ते तिथंच असतं.

म्हणजे तिनं मला सांगितलं होतं. मला नीट माहीत होतं.

पुण्यात एका छोट्या सभागृहात अशा मशीनवाल्यांचा कार्यक्रम होता. दसरा झाला की गाडी करून मशीन जसंच्या तसं, वायरींसकट, न्यायचं ठरलं. आणि मशीनबरोबर आईला. ती स्टेजवर बसून भाकरी थापणार आणि मुलगी वाजवणार. बायकोनं लुगडं काढून ठेवलं, काठवट घासून ठेवली. पीठ इथूनच दळून न्यायचं म्हणाली, तिकडच्या जुन्या पिठाला विरी नसते, भाकरी चिरते. मी म्हणालो, लोकांपुढं भाकरी थापायला जाणार, लाज वाटत नाही? ती म्हणाली, "लाज कावून? रोज तुमच्यापुढं थापतेच की." मुलगी फिसकन हसली. मीही हसायला पाहिजे होतं.

मला कुणी चला म्हणालं नाही. हा खरा काटा. कारखान्याचं वायरिंग ज्यानं केलं तो घर राखणार, आणि जिला फ्यूज कळत नाही ती पुण्याला जाणार. हे माझ्या डोक्यात रोज फिरत होतं. आता वाटतं, 'मी पण येतो' एवढं म्हणालो असतो तर त्यांनी गाडीत पुढची जागा दिली असती.

खंडेनवमीला मुलगी सकाळीच नगरला गेली, काहीतरी आणायचं होतं. जाताना दोघांना सांगून गेली, कशालाही हात लावू नका. बायको ओटी घेऊन देवीला गेली. मी ओट्यावर पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर पुसत बसलो होतो. आतून मशीनचा बारीक आवाज येत होता. नुसता, एकटाच, बंद न केलेल्या नळासारखा.

मी उठून आत गेलो आणि पहिली पिवळी वायर काढली.

लोकांना वाटेल, म्हाताऱ्याचा तोल गेला असेल. तोल गेला नव्हता. मी एकेक वायर शांतपणे काढली. प्रत्येक वायरीबरोबर त्या आवाजातलं काहीतरी गळून पडायचं. आधी टिटवी गेली, मग खालची घरघर. शेवटी स्पीकर गप्प झाला. मग मी वायरी लांबीप्रमाणे लावल्या, एकसारखी वेटोळी केली, प्रत्येकीला दोऱ्याची गाठ मारली, आणि पेटीवरची सगळी बटणं शून्यावर आणली. गाळप संपल्यावर आणायचो तशी. आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी कितीदा खोडलं, आता राहू देतो. मला बरं वाटलं.

बायको आली. वेटोळी बघून दारातच थांबली. पोरीनं सांगितलं होतं ना, एवढंच म्हणाली. मी म्हणालो, आज खंडेनवमी आहे, यंत्राला विश्रांती असते, पूजेला काढलंय. देवाला पुढं केलं मी. तिनं ओटीचं सामान खाली ठेवलं. मग ताट आणलं, वेटोळी त्यात ठेवली. काढल्याच आहेत तर बिनपूजेच्या कशाला ठेवायच्या, असं पुटपुटत तिनं एकेकीला हळदीकुंकू लावायला घेतलं. तिचं बोट कुंकवात असतानाच मुलगी आत आली.

"आई, काय केलंस हे?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ती माझ्यावर ढकलत नव्हती. मला बोलायला जागा करून देत होती. आणि मी बोललो.

"आगं, खंडेनवमी हाय. पूजेसाठी काढल्या असतील तिनं. तिला काय कळतंय त्यातलं?"

तिला काय कळतंय. आमच्याकडं बाईबद्दल एवढं म्हटलं की पुढची चौकशी थांबते. मुलगी शिकलेली, पुण्यात राहिलेली, बारीकसारीक बघणारी. तिची पण थांबली. वेटोळी माझ्या हातची होती, गाठ माझी होती, सगळी बटणं शून्यावर होती. बायकोनं जन्मात ते बटण शून्यावर नेलं नसतं, शून्य कुठं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. कुणाला काही दिसलं नाही. कुंकवाचं बोट दिसलं, तेवढं पुरलं. माझा राग माझ्यावर आहे, पण हे इतक्या सहज खपलं याचाही आहे. खपवणारा मीच होतो म्हणून तो राग कुणाला दाखवायची सोय नाही.

मुलगी ओरडली नाही. त्या दिवशी आणि दसऱ्याच्या दिवशी तिनं पुन्हा जोडून बघितलं. बायको काठवटीपुढं बसून सांगेल तशी थापत राहिली, पीठ कोरडं पडलं की पाणी लावून पुन्हा. आवाज यायचे, पुष्कळ यायचे. तो यायचा नाही. पिवळी वायर त्याच भोकात होती, टिटवी नव्हती. शेवटी मुलीनं वायरी खाली सोडल्या.

"राहू दे आई. तू तुझं काम कर."

बायको हातातला गोळा तसाच घेऊन बसली. आधी कधी मुलगी तिच्याशी असं बोलली नव्हती.

मुलीनं फोन करून कार्यक्रमाला नाही म्हणून सांगितलं आणि मशीन गुंडाळून पुण्याला गेली. लुगडं परत कपाटात गेलं. त्या संध्याकाळी बायको मला चुलीपाशी म्हणाली, "तुमी सांगा तिला. मी सांगितलं तर ती चुगली हुईल." मी सांगतो म्हणालो. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही. मी शब्द दिला होता आणि ती त्यावर राहिली. दिवाळीला मुलगी आली, सणाला आली, आईशी बोलायची, औषधं आणायची, साड्या आणायची. पण त्या मशीनबद्दल तिच्यापुढं अक्षर काढलं नाही. एकदा बायकोनंच विचारलं, तुझं ते वाजवायचं चाललंय का? चाललंय, म्हणाली, आणि विषय बदलला. प्रत्येक वेळी ती गेल्यावर बायको माझ्याकडं बघायची. मी पेपर वाचायचो.

मग ती आजारी पडली आणि गेली. मला वाटलं होतं वेळ आहे. ही सबब मला आता किळसवाणी वाटते, म्हणून मांडत नाही.

दिवस झाल्यावर घर आवरताना मी काठवट उलटी केली. खाली चकती होती. तिची वायर गुंडाळून चिकटपट्टीनं बसवलेली, आणि वरून आणखी एक पट्टी, नवी. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांत ती काठवट धुताना तेवढी जागा कोरडी ठेवत होती, आणि पट्टी सुटली की पुन्हा लावत होती. कुणीतरी येऊन वायर जोडेल म्हणून. माझा डाग अजून घट्ट होता.

मी पुण्याला गेलो. चकती रुमालात बांधून नेली. बसमध्ये सगळं वाक्य पाठ केलं. मुलीच्या घरात ते मशीन भिंतीला होतं, वायरी पुन्हा वेलासारख्या. मी चकती पुढं ठेवली, कुठं सापडली ते सांगितलं. तिनं चकती हातात घेतली. मग तिनं मोबाईलवर एक जुना आवाज लावला. त्या दिवसांत सहज घेतलेला, अर्ध्या मिनिटाचा. भाकरीचे ठोके, टिटवी, मध्येच कुकरची शिट्टी, दोघींचं हसणं. आणि शेवटी दारातून कुणीतरी म्हणतं, बंद करा ते. तो मी होतो.

मुलगी म्हणाली, "आईला कळलं न्हाई आण्णा, तिची काय चूक? पन मी तिला मनातून माफ केलं न्हाई. शेवटपर्यंत न्हाई. आता ते मलाच खातंय."

याहून मोठं दार कुणाला उघडून मिळतं? वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं होतं. आणि मी भिंतीकडं बघून म्हणालो, तुझ्या घराचं अर्थिंग नीट दिसत नाही, वायरमन बोलावून बघून घे. ती हो म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मी परत आलो. ती चकती तिच्याकडंच आहे. तिनं फोनवर सांगितलं, लाकडाच्या पाटाखाली लावून बघितली, अजून चालते. मी बरं म्हणालो. आता फोन घेतो, नंबर लावतो, आणि ती 'बोला आण्णा' म्हणाली की पाऊसपाणी विचारतो. त्यामुळं इथं लिहितो, जसं बसमध्ये पाठ केलं होतं तसंच.

पोरी, त्या वायरी तुझ्या आईनं काढल्या न्हाईत. मी काढल्या. मला ठावं होतं त्या पुन्हा तशा लागणार न्हाईत, म्हणूनच काढल्या. तिनं फक्त कुंकू लावलं. तिला सगळं कळत होतं. तिच्यावरचा राग सोड आन माझ्यावर धर. मला माफ कर म्हणायला मला तोंड न्हाई, पन तिला तरी…